पॅनेलवरचे कुंकू

विघ्ने दूर सारणाऱ्या गजाननास, माझ्या कुळाच्या देवीस आणि ज्याच्या दर्शनावाचून माझा एकही दिवस उजाडला नाही त्या सूर्यनारायणास प्रथम हात जोडतो. आज रथसप्तमी. अंगणात रथाची रांगोळी आहे, गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू जाऊन शमले आहे, आणि त्याचा किंचित करपलेला वास अजून ओसरीवर रेंगाळतो आहे. अशा प्रसन्न दिवशी किळसेविषयी लिहायला बसावे, हे माझ्या वयाला शोभत नाही, हे मी जाणतो. परंतु सकाळी जे घडले त्याचा खुलासा घरातल्यांना देणे मला भाग आहे, आणि तोंडी सांगू लागलो की माझा आवाज चढतो. म्हणून कागद घेतला.

घडले ते एवढेच. मुलाने नुकतीच गच्चीवर उन्हापासून वीज करणारी पॅनेले बसवून घेतली आहेत. आज सण म्हणून सूनबाई हळदकुंकवाची कोयरी आणि सोललेला नारळ घेऊन वर गेली. तिचे बोट कुंकवात बुडून काचेकडे निघालेले मी पाहिले, आणि असा ओरडलो की माडावरचे कावळे उडाले. "थांब! हात लावू नकोस त्याला!" ती दचकून मागे झाली. मुलगा म्हणाला, "अहो बाबा, देवाचंच करतेय ना ती!" जन्मभर पूजा सांगितलेल्या माणसाने सणाच्या दिवशी कुंकवाला अडवावे, याचे सर्वांना नवल वाटले. कुणी काही विचारले नाही. ते न विचारणेच मला लागले.

गोष्ट साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली आहे. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. माझे शिक्षण वडिलांपाशी व पुढे पाठशाळेत झाले. वेद, व्याकरण आणि थोडा न्याय, एवढीच माझी शिदोरी. शाळेत संस्कृत शिकवत असे. पण ते शिकणारे कमी होत गेले, ते काम सुटले, आणि मी किहीमच्या आसपासच्या घरांतून पूजा सांगू लागलो. त्यांतले एक घर म्हणजे मुंबईच्या एका शेटजींचा बंगला. त्यांचा मुंबईत रेडिओचे भाग करण्याचा कारखाना होता. दर पौर्णिमेला ते रेवसच्या लाँचने येत आणि सत्यनारायण घालत. पूजा चालू असताना ते घड्याळाला किल्ली देत बसत. तेवढ्यावरून मी माणसाविषयी मत करून घेतले नाही. पुष्कळ यजमानांचे मन पूजेत नसते.

एका पौर्णिमेला त्यांच्या बरोबर सरकारी प्रयोगशाळेतला एक अभियंता आला. अंगाने किडकिडीत, बोलण्यात मृदू. प्रसाद घेताना त्याने मला जे समजावून सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाला तेल किंवा कोळसा कोण नेऊन देणार? त्याला वीज उन्हातूनच मिळवावी लागते. त्यासाठी गर्द निळ्या रंगाच्या, टपालाच्या तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या चकत्या एका हलक्या पत्र्यावर ओळीने बसवायच्या, चांदीच्या बारीक पट्टीने एकीला दुसरी जोडायची, आणि प्रत्येकीवर पापुद्र्यासारखी पातळ काच चिकटवायची. असे एक नमुन्याचे पॅनेल करून देण्याचे काम शेटजींनी पत्करले होते. नमुना पसंत पडला तर पुढची कामे मिळणार होती.

रोज सकाळी ज्याला मी अर्घ्य देतो त्याच्याच तेजावर चालणारी वस्तू माणूस आकाशात ठेवणार, या विचाराने त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला वाटेल की म्हाताऱ्याला यंत्रांचा तिटकारा आहे. तो मला कधीच नव्हता.

अभियंता शेटजींना सांगत होता, "खोली अगदी स्वच्छ हवी. बोटाचा घाम, केसांचं तेल, हवेतली धूळ, यातलं काहीही चकतीला लागता कामा नये. एकदा हात धुतला की दुसऱ्या कशालाही शिवायचं नाही." शेटजी मोठ्याने हसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मग आमच्या शास्त्रीबुवांनाच बसवू की देखरेखीला! हे तर सोवळ्यात असले की माझ्या सावलीलासुद्धा उभे राहत नाहीत."

सगळे हसले. अभियंता हसला नाही. त्याने मला विचारले, "सोवळं म्हणजे नक्की काय काय करता?" मी सांगितले: स्नान करून, कुणी न शिवलेल्या जागी वाळवलेले वस्त्र नेसायचे, मग पूजा होईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, लागला तर पुन्हा स्नान. तो म्हणाला, "हेच पाहिजे आहे मला." अशा रीतीने थट्टेतून माझी नेमणूक झाली.

खोली बंगल्याच्या मागे, सुपारीच्या वाडीत होती. अभियंत्याने आधीच शंका काढली होती की समुद्र जवळ आहे, हवा खारट आणि ओली आहे, चकतीवरच्या चांदीच्या लेपाला ओल मानवत नाही. शेटजी म्हणाले, "काय बोलता! मुंबईच्या गिरण्यांच्या धुरात करू का? इथे लोक हवा खायला येतात." मग अभियंत्याने हवा कोरडी ठेवण्यासाठी त्या खोलीत एअर कंडिशनर लावण्याची अट घातली. तो एअर कंडिशनर मुंबईहून आला, बैलगाडीने वाडीत पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिले तर शेटजींच्या शयनगृहाच्या खिडकीत बसवलेला होता. "अभियंता यायचा असेल तेव्हा इकडे हलवू," असे ते मला म्हणाले. माझ्या मनात किळसेचा पहिला थेंब पडला तो तेव्हा. अभियंता यायचा असला की गडी ते धूड उचलून खोलीत आणत, आणि तो गेला की परत नेत. एरवी आम्ही शेगडीवर तापवून कोरडी केलेली, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुरचुंडी कपाटात ठेवून दिवस काढत असू.

कामाला गावातल्या पाच-सहा कोळी आणि आगरी बायका घेतल्या. त्यांतली एक, जिच्यासाठी हे सारे लिहितो आहे, ती कोळीवाड्यातली. तिचा नवरा होडीवरून पडून कमरेतून अधू झाला होता आणि खाटेवर असे. घरात सासू आणि कच्चीबच्ची. ती आधी दुसऱ्यांची जाळी विणून देई आणि बोंबील वाळत घाली. पावसाळ्यात तेही नसे. सावलीत बसून, बारमाही मिळणारे हे तिच्या आयुष्यातले पहिले काम. ते जाऊ नये एवढीच तिची देवाकडे मागणी होती, आणि ती ते मला उघड सांगे.

मी माझे नियम घालून दिले. विहिरीवर आंघोळ, खोलीबाहेर वाळवलेली धुवट सुती लुगडी, बांगड्यांना फडक्याची पट्टी, बोटांना रबरी टोप्या. हे सर्व त्यांनी सहज मान्य केले. पण केसांना तेल नाही म्हटल्यावर गहजब झाला.

"बुवा, तेल न्हाय त डोक्याचा खराटा व्हईल," एक म्हणाली.

"झाला त झाला," ही म्हणाली, "झाडून काढायला कामाला येल. तुमी बोला बुवा, अजून काय सोडायचा?"

"फुलं," मी म्हणालो.

"फुलं सोडली. अजून?"

"तंबाखूची मिश्री."

यावर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, "बुवा, तुमी देव हाव का सावकार?" आणि खोलीभर हशा पिकला. मिश्रीही सुटली; निदान कामाच्या वेळेपुरती.

वाऱ्याबरोबर वाळत्या बोंबलांचा वास खोलीपर्यंत येई. मी शाकाहारी, पहिले काही दिवस मला तो सोसेना. शेटजी तर नाकाला रुमाल लावूनच वाडी ओलांडत. पुढे मला त्या वासाचे काही वाटेनासे झाले. तो लपून राहत नाही, आणि आपण अत्तर आहोत असे म्हणत नाही.

प्रत्येक बाईकडे पॅनेलची एकेक ओळ दिली होती. मधली ओळ हिची. चांदीची पट्टी चकतीवर ठेवायची, तापलेल्या कांडीने क्षणभर कथलाचा डाख द्यायचा आणि हात उचलायचा. अधिक टेकवली तर चकती तडकते, कमी टेकवली तर पट्टी धरत नाही. काम चालू असताना खोलीत जी शांतता असे ती मी देवळांतही क्वचित अनुभवली आहे. त्या बायका पॅनेलला 'आरसा' म्हणत. माझ्या घरी तेव्हा सोवळेओवळे कडक होते, बायका महिन्याच्या अडचणीत बाजूला बसत. त्या खोलीत मात्र मी ते कधी विचारले नाही. तिथे विचारायचे ते तेल, घाम आणि धूळ एवढेच. अभियंत्याने मला तेवढेच सांगितले होते आणि माझ्या बुद्धीलाही तेवढेच पटले होते.

पॅनेल पुरे झाले. उन्हात धरून मीटर लावला तेव्हा सर्व ओळींचा काटा सारखा चढला. बायकांनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. कडा अजून लाखेसारख्या द्रव्याने बंद करायच्या राहिल्या होत्या. ते काम अभियंता स्वतः येऊन करणार होता. तोवर पॅनेल कपाटात, सिलिका जेलच्या सोबतीने ठेवायचे होते.

शेटजींना तेवढा धीर निघाला नाही. त्यांनी परस्पर समारंभ ठरवला. तालुक्याचे एक पुढारी, अलिबागचा छायाचित्रकार, मुंबईचे काही स्नेही. अभियंत्याला कळवलेच नाही. सकाळी मला बोलावून म्हणाले, "शास्त्रीबुवा, पॅनेल बाहेर आणा. पूजा करायची आहे. स्वस्तिक, कुंकू, नारळ, सगळं यथासांग."

मी म्हणालो, "पूजा अवश्य करू. उंबऱ्यावर कलश मांडतो, सूर्याचे मंत्र म्हणतो. पॅनेल मात्र कपाटातच राहू द्या."

"उंबऱ्याची पूजा? मग फोटोत काय, उंबरा दिसणार?"

"कडा उघड्या आहेत. कुंकू आत जाईल."

ते पुढाऱ्यांकडे वळून हसले. "बघा, आमचे भटजी! चार महिने विज्ञानात काय बसले, नास्तिक झाले!"

मला नास्तिक म्हटल्याचे वाईट वाटले नाही. ते म्हणणाऱ्याच्या हाताकडे पाहून वाटले. ज्या हातांनी खोलीत कधी काम केले नव्हते, त्या सुपारीने माखलेल्या, अंगठ्यांनी भरलेल्या हातांनी त्यांनी कपाट उघडले आणि पॅनेल बाहेर आणून पाटावर ठेवले. मी मंत्र म्हणायला नकार दिला. त्यांचे काहीच अडले नाही. त्यांनी स्वतःच काहीतरी पुटपुटले, कुंकवात पाण्याचे बोट बुडवले आणि मधल्या ओळीवर, छायाचित्रात बरोबर मध्यभागी येईल असे, भले मोठे स्वस्तिक काढले. हळद टाकली, अक्षता टाकल्या. मग नारळ वाढवला. छायाचित्रकार ओरडला, "शेटजी, भकलं जरा वर धरा! आरशाच्या वर! हां, तिथेच!" दोन्ही भकलांतून पाणी निथळत होते. ते काचांवर पडले, ओळीओळींच्या फटींत शिरले, आणि शेटजी कॅमेऱ्याकडे पाहून हसत उभे राहिले.

बायका दाराशी उभ्या होत्या. ज्यांना डोक्याला तेल लावायची बंदी होती, फूल माळायची बंदी होती, त्या हे पाहत होत्या. माझ्याजवळ उभी असलेली ती मधल्या ओळीची बाई हळूच म्हणाली, "बुवा, आमी आंगोळ्या कशाला केल्या?"

समारंभ संपल्यावर शेटजींनी खिशातल्या अत्तर लावलेल्या रुमालाने पॅनेल पुसले. वरचे कुंकू निघाले, काच पुन्हा चकचकीत झाली. "झालं? काही राहिलं का? उगाच घाबरवता!" असे म्हणून ते पॅनेल त्यांनी कपाटात ठेवले. देवाला वाहायच्या वस्तू इतक्या ओंगळ हातांनी वापरलेल्या मी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. पूजेतले कुंकू जमिनीवर सांडले तरी त्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही ते जपून उचलतो. इथे ते देवासाठी नव्हतेच. ते छायाचित्रासाठी होते.

आठवडाभर दमट वारे होते. एअर कंडिशनर शयनगृहात सुखाने चालू होता. अभियंता येण्याच्या आदल्या दिवशी शेटजींनी खात्रीसाठी मीटर लावून पाहिले. बाकी सगळ्या ओळी चढल्या; मधली ओळ मेली होती. काटा हललाच नाही.

त्यांनी आम्हा सर्वांना वाडीत उभे केले. "ही ओळ कुणाची?"

"माझी," ती म्हणाली.

"तरीच." मग त्यांनी जे विचारले ते लिहिताना आजही माझ्या तोंडाला कडवट चव येते. गडीमाणसे उभी होती, स्वयंपाकी उभा होता, त्या सर्वांच्या देखत त्यांनी विचारले, "काम चालू होतं तेव्हा तुमच्यातली अडचणीत कोण होती? खरं सांगा."

इतर बायकांनी माना खाली घातल्या. ही सरळ पाहत राहिली. खोलीत तिला हे कुणी विचारले नव्हते, त्यामुळे ते लपवायचे असते हेही तिच्या मनात आले नसावे. ती म्हणाली, "मी व्हते. सगल्याच कदी ना कदी असतात."

"ऐकलंत?" शेटजी माझ्याकडे वळले. "पवित्र काम होतं हे. सूर्याचं काम! विटाळाचा हात लागला आणि ओळ मेली. उद्या साहेब येतील त्यांना सांगू, दोष सापडला, बाई काढून टाकली. तुम्ही हिला पंचगव्य पाजा, खोली शुद्ध करा, म्हणजे बाकीच्या बायकांचं मनही साफ होईल. आणि तोंड कसलं वाकडं करता, बुवा? तुमच्या घरात पाळत नाही का?"

"पाळतो," मी म्हणालो. "माझ्या घरात ते देवघराच्या दारापर्यंत असते. इथे ते मीटरच्या काट्यावर कसे चढले, ते मला कळत नाही."

तोंडात थुंकी साचावी आणि थुंकायला जागा नसावी, तशी माझी अवस्था झाली होती. स्वतःच्या बोटाने केलेली घाण एका बाईच्या देहावर पुसायची, आणि त्यासाठी माझ्या मुखातले मंत्र फडक्यासारखे वापरायचे! शास्त्र जन्मभर डोक्यावर घेऊन चाललो ते याचसाठी का?

तेवढ्यात ती पुढे आली. मला वाटले, ती रागावेल. ती माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली. "बुवा, तुमी नका भांडू माझ्यासाठी. द्या मना काय पाजायचा ता. गोमूत्र काय, मी समुद्र पिते. पन शेटजीना सांगा, माझा काम नका काढू."

हे ऐकून शेटजी खूश झाले. "बघा, किती समजूतदार आहे! पिऊ दे मग. कामाचं नंतर बघू." ती पिणार, पिऊन दोष कबूल केल्यासारखे होणार, आणि तरीही काम जाणार, हे मला त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसले. शिवाय कोळीवाड्यात आयुष्यभर बोलले जाणार की हिच्या विटाळाने आरसा मेला.

मी शेटजींकडे वळलो. मग म्हणालो, "ठीक आहे. आपण शास्त्राला विचारलेत, तर शास्त्राप्रमाणेच करू. प्रायश्चित्ताच्या आधी दोषाचा निर्णय करावा लागतो. कोणत्या वस्तूला, कशाचा, कुणाच्या हातून दोष लागला, हे ठरल्यावाचून प्रायश्चित्त दिले तर देणाराच पापी होतो. उद्या साहेबांसमोर मधल्या ओळीची काच काढू. पंचगव्य मी घेऊन येतो. कुणी प्यायचे ते काच निघाल्यावर ठरेल."

गडीमाणसांसमोर शास्त्राला बोलावले ते त्यांनीच. आता त्याला घालवून देणे त्यांना जमेना. "बरं बरं," म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी दूध, दही, तूप, गोमूत्र आणि गोमय विधिपूर्वक एकत्र करून चांदीच्या वाटीत घेऊन गेलो. वाटी वाडीतल्या दगडावर ठेवली. बायका आल्या होत्या. तिने त्या दिवशी केस धुतले होते आणि ती वाटीजवळ जाऊन बसली होती, जणू पिण्याची पाळी तिचीच हे ठरलेलेच होते.

अभियंता आला. शेटजींनी सुरुवात केली की बाईच्या हाताचा दोष आहे, तिला काढले आहे. मी मध्ये बोललो. मी खोटे किंवा अधिक काही सांगितले नाही; फक्त म्हणालो, "काढण्याआधी मधल्या ओळीची काच उचलून पाहावी, अशी माझी विनंती आहे." त्याने माझ्याकडे पाहिले, मग पॅनेल सावलीतल्या टेबलावर नेले, डोळ्याला भिंग लावले, आणि कितीतरी वेळ पात्याने काचेची कड सोडवत राहिला. काच निघाली. खालची चांदीची पट्टी काळी पडली होती आणि चिमट्याचा स्पर्श होताच सुटून आली. तिच्या खालचा चांदीचा लेपही पापुद्र्यासारखा निघाला. कडेला लालसर, चिकट रेषा वाळलेली होती.

"डाख उत्तम आहे," तो म्हणाला. "डाखाखालचाच लेप गेलाय. ओल शिरलीय, आणि काहीतरी खारट-गोड. पण हे लाल काय आहे?"

शेटजी सुपारी चघळायचे थांबले. दगडाजवळून ती उठली, पुढे आली, वाकून भिंगातून पाहिले आणि म्हणाली, "कुकू हाय ते, साहेब. बाईमानसाला कुकू वळखायला भिंग लागत न्हाय."

अभियंत्याने विचारले, "कुंकू? आत कसं गेलं?" मग मात्र सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. स्वस्तिक, नारळ, भकलं वर धरा, रुमाल, सगळे. शयनगृहातल्या एअर कंडिशनरचेही कुणीतरी सांगून टाकले. अभियंता चिमटा खाली ठेवून ऐकत होता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

मी वाटी उचलली आणि शेटजींच्या पुढ्यात, टेबलावर ठेवली. "दोषाचा निर्णय झाला आहे," मी म्हणालो.

ते हसले. "गंमत पुरे आता, बुवा. देवाचंच कुंकू होतं. भावनेनं लावलं." आणि उठून बंगल्यात गेले. त्यांच्या आवाजात लाज असती तर माझी किळस तिथेच विरली असती. पण आवाज अगदी स्वच्छ होता, पुसलेल्या काचेसारखा. त्यानंतर मी त्यांच्या घरी सत्यनारायण सांगितला नाही.

वाटीतले पंचगव्य मी एका माडाच्या मुळाशी ओतले. ती पाहत होती. "वाया गेला, बुवा," ती म्हणाली. मी म्हणालो, "माडाला चालते."

अभियंत्याने शेटजींना जाताना एवढेच सांगितले की नमुना नापसंत आहे. पुन्हा करायचा असेल तर याच बायकांच्या हातून होईल, मधली ओळ याच बाईची असेल, एअर कंडिशनर खोलीतून हलणार नाही, आणि काम करणाऱ्यांवाचून दुसरे कुणी आत पाऊल टाकणार नाही. शेटजींना पुढची कामे हवी होती. त्यांनी मान्य केले. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर आंघोळ करून, धुवट लुगडे नेसून, कोरड्या केसांनी आली आणि आपल्या जागी बसली. दाराशी थबकून तिने मला विचारले, "बुवा, आज इचारायचा हाय का काय?" मी म्हणालो, "तेल लावलेस का?" "न्हाय." "मग बस."

ते दुसरे पॅनेल कडा बंद होऊन प्रयोगशाळेत गेले. ते पुढे आकाशात चढले की नाही, हे मला ठाऊक नाही. मला कुणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. शेटजींचे ते छायाचित्र मात्र बंगल्याच्या दिवाणखान्यात पुष्कळ वर्षे टांगलेले होते. माझ्या घरातली बाजूला बसण्याची चाल त्या वर्षापासून हळूहळू मोडत गेली. मी ती मोडली असे म्हणणार नाही. पण ती राखायला पुन्हा माझी जीभ उचलली नाही.

म्हणून, सूनबाई, आज मी ओरडलो. तुझ्या बोटात ते ओंगळपण नव्हते हे मी जाणतो. तुझ्या मनात भाव होता. पण काचेवर कुंकवाचे बोट जाताना मला दाराशी उभ्या असलेल्या बायकाच दिसल्या, आणि माझे भान गेले. कुंकू खाली चौकटीला लाव, उंबऱ्याला लाव, स्वतःच्या कपाळी लाव. नारळ अंगणात वाढव आणि खोबरे सर्वांना दे. वरची काच सूर्यासाठी मोकळी ठेव; त्याची पूजा त्याला तिथे येऊ देण्यातच आहे.

जो कुणी हे वाचेल त्याच्या घरी सूर्यनारायण रोज उदंड तेज घेऊन येवोत. त्याच्या चुलीला धान्य आणि अंगणाला ऊन कमी न पडो. त्याच्या घरातल्या लेकीसुनांच्या कपाळीचे कुंकू तेजाळ राहो, आणि त्यांच्यापैकी कुणाही एकीला दुसऱ्याच्या हाताची घाण स्वतःच्या अंगावर वागवावी न लागो. कल्याण होवो.